अर्ध्या तासात घरपोच!

धंदा कसा करावा, हे मला जन्मतःच कळतं! घरात हे कोणी मान्य करत नाही, पण त्याला माझा इलाज नाही. घरच्यांची नजर अशा बाबतीत जरा अधूच असते.

आमचं दुकान घरगुती वस्तूंचं. खाली दुकान, वर घर. दुकानात बादलीपासून भिंतीवरच्या घड्याळापर्यंत सगळं मिळतं, आणि घरातही तेच सगळं आहे, कारण बाबांचा नियमच तसा! ‘माल खरचटला की वर, गिऱ्हाईक अडलं की खाली.’ म्हणजे काय, तर पोचा आलेलं पातेलं, एक पाय आखूड असलेलं स्टूल, रंग उडालेला दिवा, असं जे विकलं जाणार नाही ते वर आमच्या घरात येतं. आणि खाली एखादी वस्तू संपली, गिऱ्हाईक मात्र हटून बसलं, की तीच वस्तू पुसूनबिसून वरून खाली जाते. बाबा मामांकडे बघून नुसती भुवई उडवतात. मामा म्हणजे आईचे भाऊ, आमच्याकडेच राहतात, दुकानाचा टेम्पो चालवतात. भुवई उडाली की ते मागच्या जिन्याने वर जातात आणि वस्तू घेऊन येतात. एकदा मी अंगाला साबण लावून बसलो होतो, आणि बाहेरून मामा दार बडवत होते, "बादली दे रे, गिऱ्हाईक खोळंबलंय!"

आता बाबा थकले. दुकान पुढे कोणी बघायचं, असा प्रश्न आला. उमेदवार दोन. एक मी, आणि दुसरी माझी थोरली बहीण. ताई शेजारच्या गल्लीत राहते. एका भल्यामोठ्या गोदामात मालमोजणी तिच्या हाताखाली चालते. तिला कंटाळा आलाय परक्याचा माल मोजून, आता घरचा मोजायचाय. मला मात्र दुकान मनापासून हवं होतं. लहानपणी मी शटरच्या आवाजाने जागा व्हायचो. ते शटर एक दिवस मी उघडीन, आणि सगळ्या गल्लीला माझ्या आवाजाने जाग येईल, हे माझं स्वप्न होतं. हसू नका!

"बाबा," मी एका संध्याकाळी जाहीर केलं, "गिऱ्हाईक बदललंय. पूर्वी ते दुकानात यायचं, खुर्चीवर बसायचं, तुमची चौकशी करायचं. आता ते घरी पाय पसरून बसतं आणि फोनवर बोट ठेवतं. वस्तू त्याच्या दारात पाहिजे. तीही लगेच! मी आपल्या दुकानातून अर्ध्या तासात घरपोच देतो. नाहीतर मला विचारा!"

"दुकानात काय आहे, काय नाही, हे तरी माहीत आहे का?" ताईने विचारलं. "आधी माल मोज, मग वचन दे. बाजारात तुरी, अशी गत व्हायची!"

"मोजत बसणारे मोजत बसतात," मी म्हणालो, "धावणारे पुढे जातात!"

वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हटलं.

बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. हे लंबकाचं मोठं घड्याळ बाबांच्या फार जिव्हाळ्याचं. ठोके नेहमी एक जास्त देतं, म्हणून दुकानातून वर आलेलं, पण बाबा रोज स्वतःच्या हाताने त्याला चावी देतात आणि दुकान बंद केल्यावर शटरच्या किल्ल्या त्याच्याच पोटात, लंबकाच्या खाली ठेवतात.

"येता रविवार तुझा," ते म्हणाले. "सकाळी शटर उघडून देईन, किल्ल्या परत इथे ठेवीन आणि आम्ही सगळे तुझ्या मावशीचं नवं घर बघायला जाऊ. संध्याकाळपर्यंत एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही, तर किल्ल्या तुझ्या. एक जरी आली, तर ताईच्या."

"एक जरी?" ताई हसली. "बाबा, आत्ताच द्या की!"

थोर माणसं कृतीने उत्तर देतात.

तयारीला लागलो. पहिलं काम फोटोंचं. दुकानातल्या मांडणीवरचे फोटो काढून बायकोला दाखवले. ती शाळेत शिकवते, त्यामुळे चूक काढताना तिचा हात सहसा अडत नाही.

"अहो, हे काय! चोरीचा माल पकडून मांडल्यासारखं दिसतंय! वस्तू घरात कशी दिसेल, ते लोकांना बघायचं असतं."

मला एकदम सुचलं. घर आहेच की वर! आणि घरातल्या झाडून सगळ्या वस्तू खालूनच वर आलेल्या. म्हणजे जे वर आहे ते खाली असणारच! याहून साधा हिशोब असूच शकत नाही. मी खुर्चीचा फोटो खिडकीपाशी काढला, कुकरचा ओट्यावर, दिव्याचा पलंगाशेजारी. घड्याळाचा तर इतका सुरेख आला की त्यातले ठोके ऐकू येतील. पोचे, ओरखडे सगळे भिंतीकडे वळवले. आरामखुर्चीत आई डुलक्या घेत होती, तिला उठवलं नाही. घरपण दिसायला हवं ना! शनिवारी दुकानाच्या मोबाइलवरून सगळ्या गिऱ्हाइकांना फोटो पाठवले. खाली लिहिलं, ‘बोट ठेवा, अर्ध्या तासात घरपोच! आवडलं नाही तर परत करा. पण दिलेली वस्तू दुकान कधी परत मागणार नाही!’ शेवटचं वाक्य कशासाठी होतं, ते मलाही माहीत नव्हतं. पण त्याने वजन आलं.

दुसरं काम मामांचं. मामा टेम्पो चालवतात झकास, पण मुक्कामाला पोचले की तोंड चालवतात. परवाच एक इस्त्री द्यायला गेले, ते त्या घरच्या आजारपणाची, भाडेकरूची आणि मांजरीच्या बाळंतपणाची हकीकत घेऊन दिवेलागणीला आले. इस्त्री टेम्पोतच होती!

"मामा," मी म्हणालो, "रविवारी एक नियम. तोंड बंद! मला प्रश्न नाही, गिऱ्हाइकाला गोष्ट नाही. चिठ्ठीवर वस्तू आणि पत्ता. वस्तू शोधायची, खोक्यात भरायची, पोचवायची. एक शब्दही नाही!"

"अरे, पण एखादी वस्तू जर का…"

"नियम!"

मामांचा चेहरा पडला. त्यांना बोलू नको म्हणणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणणं. पण माणूस शब्दाचा पक्का. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली.

रविवार उजाडला. बाबांनी शटर वर केलं, किल्ल्या घड्याळात ठेवून आले आणि मंडळी मावशीकडे निघाली. जाताना आई म्हणाली, "संध्याकाळचं जेवण करून कुकरमध्ये ठेवलंय. आल्यावर दमायला होतं बाई!"

ते दिसेनासे होतात न होतात तोच मोबाइल वाजला.

"तो कुकर हवा होता हो, फोटोतला."

"निघालाच समजा!"

मी चिठ्ठी मामांना दिली. मामा मांडणीपाशी गेले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, परत आले. त्यांनी माझ्यासमोर उभं राहून एक बोट वर केलं.

आमच्या दुकानात वर माळा आहे. जास्तीचा माल तिथे असतो. "हो हो, वर असेल तर वरून घ्या!" मी म्हणालो. "यात विचारायचं काय?"

मामांनी डोळे मोठे केले, तोंड उघडलं.

"नियम!" मी म्हणालो.

मामांनी तोंड मिटलं, खांदे उडवले आणि मागे गेले. थोड्याच वेळात मागच्या दाराशी टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. आहे की नाही कमाल? बाबांच्या वेळी एवढ्या वेळात गिऱ्हाइकाला खुर्ची मिळायची, कुकर नाही!

मग जी रीघ लागली, ती लागली! दिवा गेला, खुर्ची गेली, स्टूल गेलं, आरसा गेला. मामा चिठ्ठी बघत, बोट वर करत, मी मान डोलवी, ते नाहीसे होत. मी गल्ल्यावरून हललो नाही. सेनापती हलत नसतो. माळ्यावर इतका माल आहे हे मला माहीतच नव्हतं, आणि ताई म्हणे आधी मोज!

वर कौतुकाचे फोन! कुकरवाल्या बाई म्हणाल्या, "अहो, इतक्या लवकर! अजून गरम आहे!"

"आमचं सगळं असंच असतं, गरमागरम!" मी म्हणालो.

दिवा घेणारे गृहस्थ तर भारावले होते. "हे ओरखडे मुद्दाम काढलेत ना? जुन्यासारखं दिसायला? हल्ली असंच हवं असतं हो! बाकीच्या दुकानांना कळतच नाही."

ओरखडे? मला जरा नवल वाटलं. पण गिऱ्हाईक खूश असताना खुलासा करू नये, हे धंद्याचं पहिलं सूत्र. "खास तुमच्यासाठी," मी म्हणालो.

आरामखुर्चीसाठी एका आजोबांचा फोन आला. "फोटोतल्या बाई बरोबर येतात का?"

"नाही आजोबा, खुर्चीच येते."

"तेच बरं," आजोबा म्हणाले. "आमच्याकडे एक आहेत."

दुपारनंतर मोबाइलवर घड्याळासाठी एक निरोप आला. नाव नव्हतं, शेजारच्या गल्लीतला पत्ता होता, आणि इतकंच लिहिलं होतं, ‘फोटोतलंच हवं. दुसरं नको.’ असं नेमकं मागणारं गिऱ्हाईक मला आवडतं. गडबडीत पत्ता नीट न वाचताच उतरवला आणि मामांच्या हातात चिठ्ठी दिली. या वेळी मामांनी बोट वर केलंच नाही. त्यांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा चिठ्ठीकडे बघितलं. त्यांच्या गालांत शब्द मावत नव्हते.

"अरे, हे तर…"

"मामा! अर्धा तास सुरू झाला!"

मामा गेले. जाताना त्यांनी कपाळावर हात मारलेला मी बघितला. माशी बसली असेल, असं वाटलं.

संध्याकाळी मंडळी परतली. मी दुकानाच्या दारातच हात पसरून उभा होतो. "बाबा! एकही तक्रार नाही! एकही! सगळं अर्ध्या तासात पोचलं!"

बाबांचे डोळे खरंच चमकले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. असा हात त्यांनी माझ्या पाठीवर कधी ठेवला होता ते मला आठवेना. छाती अशी फुगली की वरचं बटण तुटायला आलं. "चल वर," ते म्हणाले, "दिल्या शब्दाप्रमाणे."

आई पुढे झाली होती. जिन्याच्या वरून तिचा आवाज आला, "अगं बाई!" आणि पाठोपाठ पुन्हा, "अगं बाई!" दुसऱ्यांदा ती बोललीच नव्हती. घर घुमत होतं! आमच्या घरात आवाज घुमायला जागाच कधी नव्हती. मी वर धावलो आणि दारातच माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे जमीन तेवढीच उरली होती! खिडकी होती, खिडकीपाशी खुर्ची नव्हती. ओटा होता, त्यावर कुकर नव्हता. आरसा नाही, दिवा नाही, स्टूल नाही. ते आखूड पायाचंसुद्धा नाही!

"चोरी!" मी ओरडलो.

"चोरी कसली!" बायको म्हणाली. "पलंगाशेजारचं माझं टेबल कुठंय? त्याच्या ड्रॉवरमध्ये मुलांचे तपासलेले पेपर आहेत!"

तेवढ्यात माझ्या हातातला मोबाइल वाजला. "टेबल फार छान हो," पलीकडून आवाज आला. "ड्रॉवरमध्ये आमच्या चिरंजीवांचा पेपर निघाला. तक्रार काही नाही. पण दोन गुण वाढवता आले, तर बघा!"

मी सावकाश मामांकडे वळलो. मामा कोपऱ्यात उभे होते. त्यांनी एक बोट वर केलं. ते बोट दिवसभर माळ्याकडे नव्हतंच, ते घराकडे होतं! खाली नसेल तर वरून, हा बाबांचा नियम मामांच्या अंगात इतका मुरलेला. आणि फोटोतल्या वस्तू खाली असणार कशा? त्यातल्या निम्म्या तर आता बनतसुद्धा नाहीत!

आई भिंतीला टेकून खाली बसली. तिने शांतपणे आपला फोन काढला आणि माझ्या हातातला मोबाइल वाजू लागला.

"हॅलो, दुकान ना?" आई माझ्यासमोर बसून मला म्हणाली. "एक कुकर हवा होता. आतल्या जेवणासकट. अर्ध्या तासात."

"आई, तू गिऱ्हाईक नाहीस!"

"का? पैसे देते की!"

"मला टेबल," बायको म्हणाली. "पेपरांसकट."

बाबांनी हात वर केला. "थांबा," ते म्हणाले. "त्याने घर विकलं, हे खरं. पण मी गिऱ्हाइकाच्या तक्रारीचं बोललो होतो. तक्रार एकही नाही. वचन म्हणजे वचन. किल्ल्या त्याच्या."

मला भरून आलं. असे बाबा सगळ्यांना मिळोत! ते वळले, दोन पावलं चालले, नेहमीच्या सवयीने भिंतीकडे हात नेला. भिंतीवर एक खिळा होता. खिळ्याखाली घड्याळाच्या आकाराचा स्वच्छ पांढरा डाग होता.

बाबांचा हात तसाच राहिला.

"आता बोलू का?" मामा म्हणाले.

"बोला!" आम्ही सगळे एकदम ओरडलो.

"सकाळपासून हेच सांगतोय, हे घरचं आहे, घरचं आहे! सांगतोय म्हणजे काय, सांगू कुठे देतोय हा! घड्याळ ताईकडे गेलंय! ऑर्डर तिचीच होती! तिने विचारलं, मामा, हे काय चाललंय? मला रडायला आलं, पण शब्द दिलेला! ओठांवर बोट ठेवलं आणि परत आलो!"

मी ताईला फोन लावला. "ताई! घड्याळ परत दे!"

"तू माझं घड्याळ मागतोयस?" ताईचा आवाज मधासारखा होता. "फोटो बघितला आणि म्हटलं, या अतिशहाण्याने बाबांचं घड्याळ विकायला काढलं. परक्याकडे जाण्यापेक्षा मी घेतलेलं बरं. छान पोचलं हो! वेळेत आलं, बांधलंही चांगलं होतं, आणि आत किल्ल्यासुद्धा निघाल्या. माझी काही तक्रार नाही!"

"ताई, चेष्टा पुरे!"

"दिलेली वस्तू दुकान परत मागणार नाही. कोणी लिहिलंय हे? हवं असेल तर रीतसर ऑर्डर दे, दुकानाच्या नंबरावर. तुझ्याच नियमाने. अर्ध्या तासात घरपोच."

मी बायकोच्या फोनवरून दुकानाच्या मोबाइलवर ऑर्डर दिली. मोबाइल बाबांनी उचलला. ‘घड्याळ एक. किल्ल्यांसकट.’ बाबांनी चिठ्ठी लिहून मामांना दिली आणि मामा टेम्पो घेऊन निघाले. शेजारची गल्ली! चालत गेलं तरी पान खाऊन परत येता येईल.

मी खिडकीत उभा राहिलो. टेम्पो दिसेना. येरझारा घालाव्यात तर घर इतकं रिकामं की पावलं घुमायची. अर्धा तास झाला. टेम्पो नाही. आणखी वेळ गेला. टेम्पो नाही! कसा येणार? मामांचं तोंड दिवसभर बंद होतं आणि आता ते उघडलं होतं! ताईच्या दिवाणखान्यात बसून मामा कुकर, दिवा, आरसा, आजोबा, मांजर, सगळं पहिल्यापासून सांगत असणार. ताई त्यांना चहा देत असणार. आणि माझं दुकान, माझं शटर, माझं लहानपणापासूनचं स्वप्न त्या घड्याळाच्या पोटात पडलेलं!

मी बायकोचा फोन पुन्हा हिसकावला, दुकानाचा नंबर लावला आणि पलीकडे उचलल्याबरोबर सुटलो, "काय हो, हे दुकान आहे की गंमत? अर्ध्या तासात देतो म्हणता, कुठाय वस्तू? वेळ पाळता येत नाही, तर वचन कशाला देता? लोकांनी काय वाट बघत बसायचं?"

मग कानात आवाज आला. तोच आवाज माझ्या पाठीमागूनही आला, कारण बाबा तिथेच उभे होते.

"गिऱ्हाइकाची तक्रार आली," बाबा म्हणाले.

आई जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाली, "एक जरी म्हणाला होतात तुम्ही."

"पण मी… मी गिऱ्हाईक थोडाच आहे!"

"का?" आई म्हणाली. "ऑर्डर दिलीस की!"

थोड्या वेळाने टेम्पो आला. मामा घड्याळ घेऊन जिना चढले आणि त्यांच्या हातातच घड्याळाने ठोके दिले, अर्थात एक जास्त. मागून ताई आली. किल्ल्या घड्याळात नव्हत्या, तिच्या बोटात फिरत होत्या. बरोबर तिने डबा भरून जेवण आणलं होतं, तेव्हा तिच्यावर चिडताही येईना.

आता सकाळी शटर ताई उघडते. आवाज माझ्यापेक्षा मोठा करते, असं मला वाटतं. पहिल्याच आठवड्यात तिने दुकानातला नग अन् नग मोजला, घरातल्या वस्तूंवर रंगाचा ठिपका लावला, आणि ठिपकेवाली वस्तू खाली आणायला बंदी केली. आईचा कुकर परत आला. दिवा मात्र आला नाही. ते गृहस्थ म्हणतात, असे ओरखडे दुसऱ्या दिव्यावर नाहीत. आणि हो, अर्ध्या तासात घरपोच ही माझी कल्पना ताईने ठेवली आहे! ती आता जोरात चालते. कल्पना कोणाची, हे कोणी विचारत नाही, तो भाग वेगळा.

मामा गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतात. गिऱ्हाइकं हल्ली मुद्दाम दुकानात येऊन बसतात. टेम्पो मी चालवतो. पोचवणाऱ्याने एक शब्दही बोलायचा नाही, हा माझा नियमही ताईने जसाच्या तसा ठेवलाय. म्हणून तर हे सगळं तुम्हाला लिहून सांगावं लागतंय!